बिनबटणांचा बाजा

माझ्या मामाची उजव्या हाताची तीन बोटं आऱ्यानं खाल्ली आणि गिरणीनं त्याला नाव दिलं, 'दुर्दैवी घटना'. हे दोन शब्द आजही कानावर पडले की माझं डोकं फिरतं. दैव मध्ये कुठून आलं? दैव काही डबा घेऊन सकाळच्या पाळीला आलेलं नव्हतं. लाकूडगिरणीत गोल आऱ्यावर लोखंडी जाळी बसवलेली असते, माणसाचा हात पात्याला लागू नये म्हणून. आमच्या गिरणीतली जाळी मुकादमानं काढून ठेवली होती. का, तर जाड ओंडका तिला अडतो आणि काम रेंगाळतं. भुश्शाच्या ढिगाशी टेकवून ठेवलेली असायची ती, आणि लोक तिच्यावर ओले हातमोजे वाळत घालायचे.

चौकशीला माणसं आली त्या दिवशी हातमोजे उतरले. जाळी पुसूनबिसून आऱ्यावर चढली. आलेल्यांनी ती पाहिली, माना हलवल्या, चहा घेतला. ते फाटकाबाहेर पडले न पडले तोच जाळी परत कोपऱ्यात आणि हातमोजे परत जाळीवर. निकाल काय, तर यंत्र सुस्थितीत, घटना दुर्दैवी.

"सुस्थितीत होतं हे मी पण सांगतो," मामा म्हणायचा. "लोण्यासारखं कापलं."

मामा म्हणजे कुणी गरीब गाय होता असं समजू नका. भांडखोर, हाताचा घट्ट, आणि स्वतःच्या वाजवण्याविषयी बोलायला लागला की ऐकणारा उठून जाईपर्यंत थांबायचा नाही. गिरणीचा बँड होता. रविवारी बागेतल्या चौथऱ्यावर वाजवायचे, कुणी म्हातारा कामगार निवृत्त झाला की त्याला फाटकापर्यंत वाजवत सोडायचे. त्या बँडमध्ये मामा मिसरूड फुटल्यापासून कॉर्नेट वाजवायचा, पहिल्या खुर्चीवर. कॉर्नेटला तीन बटणं असतात, ती दाबायला उजव्या हाताची मधली तीन बोटं लागतात. आऱ्यानं नेली ती नेमकी तीच. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली.

डाव्या हातानं वाजव, असं ज्यानंत्यानं सुचवलं. सुचवायला कुणाचं काय जातं? मामानं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तेही करून पाहिलं. डाव्या हाताची बोटं पाहुणी आल्यासारखी नुसती बसून राहायची, कामाला हात लावायची नाहीत. शेवटी मामीनंच कॉर्नेट कपाटात टाकलं आणि वर चादरी रचल्या.

गिरणीनं त्याला फाटकावर बसवलं. आत येणाऱ्याचं नाव विचारायचं आणि दांडी वर करायची. मग एका संध्याकाळी बँडमास्तर घरी आले. हा माणूस वाईट नव्हता, पण साहेबलोकांसमोर त्यांचा कणा ओल्या दोरीसारखा व्हायचा. चहा पिऊन झाला, पावसापाण्याचं बोलून झालं, आणि मग त्यांनी पिशवीतली गोष्ट बाहेर काढली.

"तुझ्यासाठी जागा काढली आहे बघ. बँडच्या पुढं निशाण धरून चालायचं. मानाचं काम आहे."

"वाजवायचं काय त्यात?" मामानं विचारलं.

"वाजवायचं नाही. धरायचं."

"मास्तर, कपडे वाळत घालायची काठी पण धरते. तिला बँडमध्ये घेता का?"

मामी आतून म्हणाली, "निशाण धरायला पण दोन हात लागतात. फडफडलं की सुटेल, आणि मग म्हणतील याच्या दैवातच नव्हतं."

मामा म्हणाला, "मला लांब बाजा द्या."

लांब बाजा म्हणजे ट्रॉम्बोन. त्याला सहसा बटणं नसतात. डाव्या हातानं सगळा भार पेलायचा आणि उजव्या हातानं एक सरकती नळी पुढं-मागं करायची. सूर ठरतो तो हात किती लांब गेला त्यावर. बोटांना काही कामच नाही. अंगठा आणि करंगळी यांच्यात नळीची आडवी दांडी अडकली की झालं.

मास्तर म्हणाले, "बँडचे लांब बाजे ज्याचे त्याच्याकडं आहेत. तुझा तू आणलास तर रांगेत खुर्ची टाकतो. पण नुसता धरून बसू देणार नाही, वाजवता आला पाहिजे."

"निशाण असतं तर नुसतं धरून चाललं असतं ना?" मामा म्हणाला. मास्तरांनी टोपी घेतली आणि निघाले.

एवढंच होतं बघा मामाचं मागणं. पगारवाढ नाही, पेन्शन नाही. बँडमध्ये एक खुर्ची, आणि तीसुद्धा शेवटच्या रांगेत.

मामी कपड्यांना इस्त्री करायच्या दुकानात कामाला होती. तिनं बाजाला होकार दिला तो काही नवऱ्याच्या कलेवर प्रेम म्हणून नव्हे. "घरात बसून हा माणूस माझं डोकं खातो," ती मला म्हणाली. "त्यापेक्षा पितळ खाऊ दे." आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं शहरातल्या वाद्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदार सडपातळ होता, खांद्यावर पुसायचं फडकं. त्यानं मामाचा हात पाहिला, लगेच नजर उचलली आणि मामीला विचारलं, "यांना काय दाखवू?"

"त्यांनाच विचारा," मामी म्हणाली. "बोटं गेलीत, जीभ जागेवर आहे. जरा जास्तच आहे."

लांब बाजा हवा म्हटल्यावर त्यानं काचेतल्या एकाकडं बोट दाखवलं. "हा सगळ्यात भारी, पण सरकत्या नळीऐवजी बटणांचा आहे. तो तुमच्या कामाचा नाही." हे त्याला न सांगता कळलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मग त्यानं एक लहानखुरा, हलका बाजा काढला. "हा घ्या. शिकणाऱ्यांसाठी बनवलेला आहे."

"शिकणारा कोण?" मामानं विचारलं.

"म्हणजे हाताला हलका पडेल म्हणून म्हटलं."

"हात हलका झालाच आहे. बाजा जड असला तरी चालेल."

बँडमधला लांब बाजावाला जाड्या त्याला आधीच सांगून चुकला होता की चकाकी बघू नकोस, नळी बघ. कर्ण्याला पोचा असला तरी सुराला काही होत नाही, पण नळीला केसाएवढा पोचा असला की ती अडकते. मामानं हे सगळं ऐकलं होतं आणि दुकानात पाय ठेवताच विसरला. सोन्यासारखा झळकणारा एक बाजा त्यानं उतरवायला लावला. त्याच्या कर्ण्यात स्वतःचं तोंड बघून मिशी सारखी केली. नळी ओढली, ती येईना. जोर लावला तशी ती एकदम सुटली, बाहेरचा अख्खा भाग निसटला आणि सरळ मामीच्या पोटाशी गेला. मामीनं तो बाजारातली पिशवी झेलावी तसा झेलला.

"हे धरा. आणखी काय काय फेकणार आहात?"

"नळी घट्ट आहे," मामा दुकानदाराला म्हणाला. जणू नळीनंच त्याचा अपमान केला होता.

तिसरा बाजा वरच्या खुंटीवर होता. कुणीतरी वापरून विकलेला. मुलामा उडालेला, कर्ण्याच्या काठाला अंगठा दाबल्यासारखा एक पोचा. दुकानदारानं तो जमिनीवर उभा केला, नळी वर उचलली आणि सोडली. ती खाली आली, पण घाईनं नाही. दमलेला माणूस खाटेवर बसतो तशी आली. मामानं दांडी अंगठा आणि करंगळीत धरली, नळी पुढं केली, मागं घेतली. परत केली. दुकानातल्या दुकानात तो वळला आणि आमच्याकडं पाठ केली.

मग फुंकला. पहिला आवाज म्हशीला शिंक आल्यासारखा निघाला. दुसरा जरा लांबला. मामानं नळी हळूहळू बाहेर नेली तसा तो सूर घसरत घसरत पार तळाला गेला.

"कुणाचं तरी वासरू हरवलंय," मामी म्हणाली.

मामा वळला नाही. नेहमी एवढ्याशा गोष्टीवरून भांडण काढणारा माणूस, त्यानं उत्तरसुद्धा दिलं नाही. मामीनं पिशवीतून पैशांची पुरचुंडी काढली, घासाघीस न करता इसार ठेवला, आणि तेव्हा मला कळलं की बाजा ठरला. नळी साफ करून, थुंकी काढायच्या खिट्टीची स्प्रिंग बदलून पुढच्या आठवड्यात देतो, असं दुकानदार म्हणाला.

आता इथं ही गोष्ट संपायला काय हरकत होती? माणसानं आपल्या पैशानं बाजा निवडला, आता आणेल आणि वाजवेल. पण गिरणीत एक कल्याणसाहेब होता. कामगारांचं कल्याण करणं ही त्याची नोकरी, आणि ती तो कुणालाही न विचारता करायचा. मामानं फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्याला बाजाचं वर्णन करून सांगितलं होतं, ते साहेबाच्या कानावर गेलं. गाडी थांबवून त्यानं काच खाली केली.

"तुम्ही कशाला विकत घेताय? गिरणी देईल तुम्हाला बाजा. समारंभ करून देऊ."

"मी निवडलाय, साहेब."

"तो जुना ना? छे. आम्ही उत्तमातला देऊ."

"द्यायचंच असेल तर आऱ्यावर जाळी द्या. माझ्या जागेवर आता जो उभा असतो त्याला दहाही बोटं आहेत."

साहेबानं घसा साफ केला. "त्या बाबतीत आमचे हात बांधलेले आहेत."

"बांधलेले आहेत म्हणजे आहेत तरी," मामा म्हणाला आणि दांडी वर केली.

समारंभ जेवणघरात झाला. टेबलं भिंतीला लावली, खुर्च्या मांडल्या, फोटोवाला आला. मोठे साहेब, त्यांच्या शेजारी कल्याणसाहेब, आणि मध्ये टेबलावर कापडाखाली लांबच लांब काहीतरी. मामाला धुतलेला कोट घालून बसवलं होतं. कल्याणसाहेबानं गिरणी म्हणजे एक कुटुंब आहे यावर भाषण केलं. मग कापड ओढलं.

बाजा दुकानाच्या काचेतला होता. लखलखीत, आणि तीन बटणांचा.

मला आधी वाटलं, माझ्या डोळ्यांची काहीतरी गडबड होतेय. ज्या माणसाची तीन बोटं गेली त्याला तीन बटणांचा बाजा. दुकानदारानं नंतर शपथेवर सांगितलं की त्यानं साहेबाला हे सांगितलं होतं. साहेब म्हणाला होता, सगळ्यात महाग कुठला ते बोला. वर कर्ण्यावर अक्षरं कोरून घेतलेली, आणि ती साहेबानं माईकवर वाचून दाखवली. "दुर्दैवी कामगार बंधूस, गिरणी परिवाराकडून सप्रेम भेट." आणि वर म्हणाला, "आता बंधूंनी एखादी धून ऐकवावी."

मामा उठला. बाजा त्यानं हातात घेतला, उलटासुलटा करून नीट पाहिला, जसा दुकानात पाहिला होता. मग माईकजवळ गेला.

"बाजा झकास आहे. बटणं तीन आहेत. त्यांच्यावर ठेवायला माझी तीन बोटं तेवढी परत द्या. ती गिरणीतच राहिलीत."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि थांबलं. मोठ्या साहेबांना वाटलं विनोद होता, त्यांनी टाळी वाजवली. एकट्यानंच. कल्याणसाहेब मामाच्या कानाशी लागला, "अहो, किती किमतीचा आहे ठाऊक आहे का?" पण माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

"आणि दुर्दैवी कोणी लिहायला सांगितलं?" मामानं विचारलं. "जाळी काय दैवानं काढली?"

बाजा त्यानं खुर्चीवर आडवा ठेवला, झोपलेलं मूल ठेवतात तसा, त्या बिचाऱ्या बाजाचा काय दोष म्हणून. आणि फाटकावर जाऊन बसला. पाळी चालू होती त्याची.

दोन दिवसांत मास्तर घरी आले. यावेळी चहासुद्धा घेईनात. बँड गिरणीचा आहे, असं वरून सांगितलंय म्हणाले. वाजवायचा तर भेटीचाच बाजा वाजवायचा. भेट नाकारणाऱ्याला खुर्ची नाही.

मामी इस्त्री करत होती. ती तिनं उभी केली आणि म्हणाली, "म्हणजे जो वाजवता येत नाही असा बाजा द्यायचा, आणि तो वाजवला नाही म्हणून काढायचं. मास्तर, हे सांगताना तुमची जीभ अडखळली कशी नाही?"

"मी निरोप्या आहे, वहिनी."

"मग माझाही निरोप न्या. पण तो तुम्हाला तोंडानं सांगता येणार नाही."

मास्तर गेल्यावर मामा म्हणाला, "चल. इसार दिलाय." तसेच उठून आम्ही शहरात गेलो. बाजा तयार होता. दुकानदार कापडात गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "नाव कोरून हवं का? बाजाबरोबर फुकट असतं."

फुकट म्हटल्यावर मामाचे कान टवकारले. "कुठं कोरता?"

"कर्ण्यावर. समोर बसलेल्याला दिसेल असं."

"नाव नको," मामा म्हणाला. "लिही. आऱ्यावर जाळी नव्हती."

दुकानदार पेन्सिल धरून थांबला. "हे गाणं आहे का काका?"

"होईल. अक्षरं मोठी काढ. आणि शेवटी पूर्णविराम दे."

मी म्हटलं, "मामा, नोकरी जाईल." त्यावर मामीच म्हणाली, "परवा फोटो काढून ज्याला बंधू म्हटलं, त्याला आज कुठल्या तोंडानं काढतील? काढलं तर काढलं. दांडी वर करायला माझ्या इस्त्रीच्या दुकानात पण एक दांडी आहे."

पुढचे काही आठवडे शेजाऱ्यांनी काय सोसलं ते शेजाऱ्यांनाच ठाऊक. मामानं जाड्याला पकडून पकडून शिकून घेतलं. पट्टीचा झाला म्हणाल तर अजिबात नाही. पाव सूर खाली राहायचा आणि दोष हवेला द्यायचा. पण बँडच्या सोप्या चाली त्याला येऊ लागल्या. मग एका सरावाला तो बाजा काखेत मारून सरळ दालनात गेला आणि लांब बाजांच्या रांगेत, जाड्याच्या शेजारी, रिकाम्या खुर्चीवर बसला. ती खुर्ची तिथं कुणी टाकली ते कुणीच सांगेना. मी दाराशी उभा होतो.

मास्तर समोर उभे. त्यांच्याकडं कर्ण्याचं तोंड. त्यांनी वाचलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"साहेबांनी सांगितलंय, भेटीचाच बाजा."

"मग साहेबांना बोलवा वाजवायला," मामा म्हणाला. "त्यांची बोटं शाबूत आहेत."

जाड्यानं आपली नळी कारण नसताना पुसली. मास्तरांनी ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी नाकावरचा चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला. "मला चष्म्याशिवाय काही वाचता येत नाही," म्हणाले आणि छडी उचलली. ओल्या दोरीत एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

रविवारी बागेत बँड बसला. तुम्ही कधी बँडसमोर बसला असाल तर ठाऊक असेल, लांब बाजाचं तोंड नेमकं ऐकणाऱ्याकडं असतं. पहिल्या बाकावरच्या एका बाईनं ते मोठ्यानं वाचलं. "आऱ्यावर जाळी नव्हती. म्हणजे काय हो?" नवऱ्याला सांगता येईना. मागच्या बाकावर गिरणीतल्या एकाची आई होती, तिनं सांगितलं. मग दुसऱ्या बाकानं तिसऱ्याला सांगितलं. बँडची धून संपेपर्यंत बागेतल्या आइस्क्रीमवाल्यालाही माहीत झालं की कुठली जाळी, कुणी काढली आणि हातमोजे कुठं वाळतात. कल्याणसाहेब बायकोला घेऊन खुर्चीवर बसलेला. बायकोनं त्याच्याकडं वळून काहीतरी विचारलं. त्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, धून मध्यात असताना.

मामा पाव सूर खाली, पण जोरात वाजवत होता.

पुढच्या रविवारी बागेत बाक पुरले नाहीत. त्या आठवड्यात कधीतरी आऱ्यावर जाळी बसली. नुसती टेकवलेली नाही, बोल्ट मारून. कुणाचा हुकूम, कुणाची सही, काही कळलं नाही. मुकादम म्हणाला, जाड ओंडके आधी चिरून घेतले की अडत नाहीत. हे त्याला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. माझ्या मामाची तीन बोटं जाईपर्यंत सुचलं नव्हतं, आणि गेल्यावरही सुचलं नव्हतं. बागेत चारचौघांनी वाचलं तेव्हा सुचलं. या गोष्टीचा मला अजून राग येतो. जाळी बसली म्हणून तो कमी होत नाही, उलट वाढतो. एवढं सोपं होतं तर.

भेटीचा बाजा कचेरीत काचेच्या कपाटात ठेवलाय. पाहुणे आले की दाखवतात. त्यात आजवर कुणी फुंकर मारलेली नाही.

जाळी बसल्यावर कल्याणसाहेबाची गाडी एका सकाळी फाटकाशी थांबली. काच खाली झाली. आवाजात साखर होती.

"आता तर जाळी बसली ना? मग ती अक्षरं घासून टाकू या. खर्च गिरणी करेल. उगाच खोटं दिसतं ते."

"खोटं कसं?" मामानं विचारलं.

"अहो, जाळी आहे आता."

"साहेब, मी 'नव्हती' लिहिलंय. 'नाही' लिहिलं असतं तर आजच्या आज पुसलं असतं," मामा म्हणाला. "आत जायचंय ना? नाव सांगा."

साहेबाला नाव सांगावं लागलं. मग दांडी वर झाली.